दुसरी रेघ उमटल्यावर

दिवाळीच्या सुमारास हवा पालटते. पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते आणि दुपारी पंख्याशिवाय राहवत नाही. अशा दिवसांत घरात कोणाला तरी शिंका येतात, घसा धरतो, अंग मोडून येते. पूर्वी अशा वेळी आले घालून चहा व्हायचा, छातीला तेल चोळले जायचे आणि प्रकरण तेथेच मिटायचे. २०२० सालानंतर मात्र आपल्या घरांत एक नवी पद्धत रुळली आहे. कोणीतरी औषधांच्या दुकानातून तपासणीचा संच घेऊन येतो, नाकात काडी फिरवली जाते आणि सारे घर त्या बोटभर पट्टीकडे टक लावून बसते. पहिली रेघ उमटते. मग हळूच, फिकटशी दुसरीही उमटते.

त्यानंतर घरात जी धांदल उडते, तिच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

धांदल उडणे स्वाभाविक आहे. २०२१ सालचे एप्रिल आणि मे महिने अजून कोणी विसरलेले नाही. खाटेसाठी फिरवलेले फोन, ऑक्सिजनच्या नळकांड्यांसाठी लागलेल्या रांगा, एका इंजेक्शनसाठी गावभर घातलेले हेलपाटे हे सारे ज्यांनी पाहिले, त्यांना ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकताच पोटात गोळा येतो. काही घरांत त्या महिन्यांची आठवण भिंतीवर तसबिरीच्या रूपाने टांगलेली आहे. त्या घरांना ‘घाबरू नका’ असे सांगणे सोपे, पण फारसे उपयोगाचे नाही. घाबरण्याऐवजी करायचे काय, हे नेमके सांगितले तरच मन थाऱ्यावर येते.

आज परिस्थिती पालटली आहे, हेही खरे. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात लसीकरण सुरू झाले. बहुतेकांनी लस घेतली, पुष्कळांना आजारही होऊन गेला, आणि शरीराला शत्रूची ओळख पटली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. तो रूप पालटून अधूनमधून डोके वर काढतोच. धडधाकट माणसाला तो चार दिवस अंथरुणात झोपवून सोडून देतो. पण साठी उलटलेले, मधुमेही, हृदयाचे, फुप्फुसाचे किंवा मूत्रपिंडाचे जुने दुखणे असलेले, कर्करोगावर उपचार घेत असलेले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत त्याला आजही हलक्यात घेऊन चालत नाही.

फिकट रेघही रेघच

घरच्या घरी तपासणी करण्याच्या पहिल्या भारतीय संचाला, पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ला, मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हापासून ही विद्या घरोघरी पोहोचली. तरी पट्टी वाचण्यात अजून घोटाळे होतात. ‘सी’ अक्षरापाशी उमटणारी रेघ एवढेच सांगते, की पट्टी शाबूत आहे. ती उमटली नाही तर ती तपासणी बाद समजावी. ‘टी’ अक्षरापाशी दुसरी रेघ आली म्हणजे विषाणू सापडला. ती फिकट आहे, अर्धवट आहे, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही, असा वाद घालण्यात अर्थ नाही. सांगितलेल्या वेळात आलेली फिकट रेघही रेघच. उलट, पट्टी तासभर तशीच पडून राहिली आणि मग रेघ दिसू लागली, तर ती धरू नये.

आणखी एक. लक्षणे आहेत पण रेघ एकच आली, तर ‘सुटलो’ असे समजून लगेच आजीच्या शेजारी जाऊन बसू नये. आजाराच्या पहिल्या दिवशी ही पट्टी चकवू शकते. दोन दिवसांनी पुन्हा पाहावे, किंवा प्रयोगशाळेतून आरटी-पीसीआर करून घ्यावी.

आधी कॅलेंडर, मग कपाट

दुसरी रेघ दिसली की आपले हात औषधांच्या कपाटाकडे जातात. ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायला हवेत. या दुखण्यात औषधाइतकेच महत्त्व तारखेला आहे. ज्या दिवशी पहिली कणकण आली किंवा घसा दुखू लागला, तो दिवस शून्य. काहीच लक्षण नसेल तर तपासणीचा दिवस शून्य धरावा. या शून्याभोवती कॅलेंडरवर गोल काढावा आणि पुढच्या दहा चौकोनांत एक ते दहा आकडे घालावेत.

हा खटाटोप कशासाठी? कारण पुढचे प्रत्येक काम दिवसावर ठरते. विषाणूला आवर घालणारी जी औषधे आहेत, उदाहरणार्थ निरमाट्रेलव्हिर आणि रिटोनाव्हिर ही जोडी, ती लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायची असतात. दुखणे उलटण्याचा धोका साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसांत असतो. दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून पहिल्या काही दिवसांपर्यंत सर्वांत जास्त असते आणि पुढे ओसरत जाते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. घरातील तरुण, निरोगी माणसाने लगेच दवाखान्यात धाव घ्यायची गरज नाही. पण आजोबांची पट्टी पॉझिटिव्ह आली तर ‘बघू या दोन दिवस, उतरेल ताप’ हे आपले नेहमीचे धोरण येथे घातक ठरते. ताप उतरण्याची वाट पाहता पाहता पाच दिवस निघून जातात आणि औषधाची वेळ टळते. म्हणून वृद्धांच्या आणि जुन्या दुखणेकऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना फोन करायचा तो पहिल्याच दिवशी. फोनवर त्यांचे वय, जुने आजार आणि रोज चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे सांगावीत. ही जोडी हृदयाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर तिचे प्रमाण बदलावे लागते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेण्याची नव्हेच.

खोली, खिडकी आणि पंखा

‘रुग्णास स्वतंत्र खोलीत ठेवावे’ असे छापणे सोपे असते. दोन खोल्यांत पाच माणसे राहणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी हवेचा विचार करावा. हा आजार मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो. २०२० साली आपण भाजी साबणाने धुतली, वर्तमानपत्रे उन्हात वाळवली, आणि खिडक्या मात्र गच्च लावून बसलो. आता उलट करायचे. साबणाने हात धुण्याची सवय चांगलीच आहे. पण खिडकी उघडणे त्याहून मोलाचे.

रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ घालावे, म्हणजे त्याचा श्वास बाहेर जाईल. टेबलपंखा असेल तर तो खिडकीकडे तोंड करून लावावा. वातानुकूलन यंत्र बहुधा तीच हवा फिरवत राहते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये. रुग्णाने आणि त्याच्याजवळ जाणाऱ्याने, दोघांनीही नाकातोंडावर नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा लावावा. न्हाणीघर एकच असेल तर रुग्णाने शेवटी जावे आणि नंतर तेथली खिडकी काही वेळ उघडी ठेवावी. ताटवाटी वेगळी उकळण्याची जरुरी नाही. नेहमीच्या साबणाने घासली की पुरे. शुश्रूषा एकाच माणसाने करावी. ते माणूस घरातले सर्वांत प्रेमळ असण्यापेक्षा प्रकृतीने धट्टेकट्टे असावे, हे बरे. नातवाच्या उशाशी आजीने बसू नये, हे तिला समजावणे कठीण जाते. पण समजावलेच पाहिजे.

तान्ह्या मुलाच्या आईने दूध तोडू नये. हात धुऊन, मुखपट्टा लावून तिने पाजावे.

बोटावरचा चिमटा

टाकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याने १९७४ साली एक युक्ती जगापुढे मांडली. शरीराच्या पातळ भागातून प्रकाश आरपार पाठवायचा आणि नाडीच्या ठोक्यागणिक तो किती शोषला जातो यावरून रक्तातील प्राणवायूचा अंदाज घ्यायचा. अनेक वर्षे हे यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीतच असे. २०२० च्या साथीत ते आपल्या दिवाणखान्यात आले. आओयागी त्याच वर्षी एप्रिल महिन्यात वारले.

या आजाराची एक विचित्र खोड अशी, की माणसाला फारशी धाप न लागताही रक्तातला प्राणवायू उतरू शकतो. आजोबा खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचताहेत, “सूनबाई, मला काही झालेलं नाही, उगाच काळजी करतेस,” असे म्हणताहेत आणि आकडा मात्र ९० वर आला आहे, असे घडते. म्हणून माणसाच्या बोलण्यापेक्षा बोटावरच्या चिमट्याचे ऐकावे.

पण चिमटा नीट लावावा. पाच मिनिटे शांत बसून घ्यावे. हात गार असतील तर चोळून ऊब आणावी. नखांना रंग नसावा. बोटांच्या टोकांवर सणाची मेंदी असेल तरी आकडा चुकू शकतो. तर्जनी किंवा मधले बोट घालून आकडा स्थिर होऊ द्यावा. पडद्यावर दोन आकडे दिसतात, हे विसरू नये. एक प्राणवायूचा आणि दुसरा नाडीच्या ठोक्यांचा. नाडीचे ८८ पाहून घरात रडारड झाल्याची आणि नाडीचे ९८ पाहून निश्चिंत झाल्याचीही उदाहरणे आहेत. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्याहून थोडा जास्त आकडा दाखवते. तेव्हा एखाद्या आकड्यापेक्षा तो दिवसागणिक घसरतो आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

९५ आणि त्यावर असेल तर ठीक. ९४ दिसले तर थोड्या वेळाने पुन्हा पाहावे आणि डॉक्टरांना कळवावे. ९३ किंवा त्याखाली आले तर त्याच दिवशी डॉक्टरांनी रुग्णाला पाहिले पाहिजे. ९० च्या खाली गेल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांचे आकडे मुळातच कमी असू शकतात. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे चालण्याची परीक्षाही बरीच सांगितली जाई: बसल्या जागी आकडा चांगला असेल आणि धाप नसेल, तर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे, वृद्धांनी तीन मिनिटे, चालून पुन्हा पाहायचे, आकडा तीनहून अधिक घसरला किंवा ९३ च्या खाली आला तर तो इशारा समजायचा.

यंत्र नसेल तर घड्याळ आहेच. रुग्ण स्वस्थ पडलेला असताना त्याच्या छातीची हालचाल एक मिनिटभर मोजावी. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ हून अधिक होत असतील तर ते चांगले लक्षण नव्हे.

गोळ्यांचा फराळ नको

तापासाठी आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरते. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन मात्रांमध्ये सहा तास सोडून, घ्यावी. यकृताचा विकार असेल तर आधी विचारावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच, तेव्हा नावे वेगळी म्हणून दोन्ही गिळू नयेत. पाणी, पेज, ताक, वरणभात, जे गोड लागेल ते पोटात जाऊ द्यावे. खोकल्याला मध चालतो. मात्र वर्षाच्या आतल्या मुलाला तो कधीही देऊ नये. हळदीच्या दुधाने घशाला बरे वाटते, एवढ्यासाठीच ते घ्यावे. वाफेने नाक मोकळे होते, विषाणू मरत नाही. आणि उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजतात, हे ध्यानात असावे.

अँटिबायोटिक औषधे जंतूंवर चालतात, विषाणूवर नाही. आणि एका औषधाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष बाहेर आले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही फायदा झाला नाही. म्हणजे औषध तेच. वेळ साधली तर जीव वाचवणारे, एरवी निरुपयोगी किंवा अपायकारक. २०२१ मध्ये हीच गोळी कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घेतली गेली, मधुमेह्यांची साखर भडकली आणि काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा, कहर महाराष्ट्राने पाहिला. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या घरी चालत नाही, ती यासाठी. मधुमेह्यांनी या दिवसांत साखर रोज तपासावी आणि आपली नेहमीची औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

शंभर पानी वही

घरात मुलांची अर्धी कोरी वही असतेच. तिच्यात रोज सकाळी, दुपारी आणि रात्री चार गोष्टी लिहाव्यात: ताप, प्राणवायू, श्वास आणि पोटात काय गेले. डॉक्टर फोनवर विचारतात तेव्हा “काल जरा बरं होतं बहुतेक” या उत्तरापेक्षा ही वही कितीतरी उपयोगी पडते. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून ती मिटू नये. दहाव्या दिवसापर्यंत लिहावी. तीन दिवसांनंतरही ताप १०० च्या वर राहिला, उतरलेला ताप पुन्हा चढला, दम लागू लागला, छातीत दुखले, माणूस बरळू लागले, जागे करता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर वही घेऊन निघावे. रुग्णवाहिका येईपर्यंत, गर्भवती नसेल आणि नुकते जेवण झालेले नसेल तर, रुग्णाला पोटावर झोपवावे. पालथे झोपल्याने फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागांत हवा अधिक खेळते.

आणि घरातली बाईच आजारी पडली तर?

या प्रश्नापाशी अनेक घरांतल्या साऱ्या सूचना कोलमडतात. मुलगा आजारी पडला तर त्याला खोली मिळते, दाराशी ताट येते. बाई आजारी पडली तर ती मुखपट्टा लावून पोळ्या लाटते. “पडून राहून कसं चालेल?” असे तीच म्हणते आणि बाकीचे ते ऐकून घेतात. तिचा ताप कोणी मोजत नाही. पाचवा दिवस कोणता हे तिच्याही लक्षात राहत नाही. तिचे दुखणे उलटले तर ते सर्वांत उशिरा ध्यानात येते, ते यामुळेच. तेव्हा तिच्या नावाची वही घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लिहावी. आठवडाभर पिठले-भात किंवा बाहेरचा डबा खाऊन कोणाचे काही बिघडत नाही. फराळाचे चार जिन्नस कमी झाले तरी दिवाळी होते.

घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही त्याच दिवशी फोन करून कळवावे, येऊ नका म्हणावे, आणि त्या दिवसांचे पैसे कापू नयेत. त्यांच्या घरी बहुधा आपल्याहून कमी खोल्या आणि जास्त माणसे असतात. गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांच्याबरोबर आपण जेवलो, गप्पा मारल्या, त्यांनाही सांगावे. मार्च २०२० मध्ये घरी अलग राहणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारले जात होते, इमारती बंद होत होत्या. तेव्हा लोक आजार लपवीत, त्याचे कारण समजू शकते. आता शिक्का नाही, पाटी नाही. लपवून मिळत काही नाही, आणि एखाद्या घरातल्या वृद्धाचे मोलाचे दिवस मात्र वाया जातात.

बाहेर कधी पडावे?

निदान पाच दिवस घरात राहावे. त्यानंतरही औषधावाचून चोवीस तास ताप आला नसेल आणि तब्येत सुधारत असेल तरच बाहेर पडावे. दहाव्या दिवसापर्यंत चारचौघांत मुखपट्टा लावावा आणि वृद्धांच्या भेटी टाळाव्यात. भाऊबीज या दहा दिवसांत आली तर फोनवर ओवाळणी ठरवावी. ती पुढे वसूल करता येते.

बरे झाल्यावर एकदम कामाला जुंपून घेऊ नये. काहींना थकवा, धाप, विसराळूपणा किंवा वास न येणे आठवडे-महिने टिकते. तो आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे. चालणे, जिने, व्यायाम हळूहळू वाढवावेत. तीन महिन्यांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. आणि फटाक्यांचा धूर अशा फुप्फुसांना मुळीच मानवत नाही, हे शेजारच्या मुलांना प्रेमाने सांगायला हरकत नाही.

जाता जाता एक काम. दिवाळीच्या साफसफाईत औषधांचा डबा निघेलच. तपासणी-संचावरची मुदत पाहावी, ऑक्सिमीटरमधली फुगलेली बॅटरी बदलावी, थर्मामीटर चालतो का ते पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रोजच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून, खाली डॉक्टरांचा फोन क्रमांक घालून, तो कागद त्याच डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा.